माझी पत्नी स्वभावाने सौम्य आहे

६ मार्च २०११, रविवार

आज माझं बारसं झालं. एक्केचाळिसाव्या वर्षी! नाव ठेवलं सोलांज. ठेवणारी कोण, तर आमची फ्रेंचची बाई, शू नावाची चोवीस वर्षांची पोर. वर्गात प्रत्येकाने फ्रेंच नाव घ्यायचंच असा नियम आहे म्हणे. आमचा नवरा लाओ लुआन मार्सेल झाला आणि लॉटरी लागल्यासारखा हसला. शेजारच्या बाकावरचे दातांचे डॉक्टर पांग, ते बर्नार झाले. मी म्हटलं, "बाई, गुआन पेइचन हे नाव माझ्या आईबापांनी विचार करून ठेवलंय." तर म्हणते, "ते तिकडच्या साहेबांना उच्चारता येत नाही." येत नाही तर शिकू देत की! मी त्यांची अख्खी भाषा गिळायची आणि त्यांना माझं एवढंसं नाव जड?

हे सगळं कशासाठी, तर क्वेबेकसाठी. कॅनडातला हा फ्रेंच बोलणारा प्रांत. तिथे कायमचं राहायला जायचं तर नवराबायको दोघांची मुलाखत होते, फ्रेंचमध्ये. लाओ लुआनने अर्ज परस्पर भरला. मी ड्युटीवरून आले होते, डोळे मिटत होते, त्याने कागद पुढे केला, मी विम्याचा असेल म्हणून सही ठोकली. अठरा वर्षं संसार केलेल्या बायकोला देश बदलायचा का हे विचारायची पद्धत आमच्या शेन्यांगमध्ये नसावी.

विचारलं तर म्हणतो, "निउनिउच्या शिक्षणासाठी." निउनिउला, म्हणजे आमच्या तेरा वर्षांच्या कन्येला, विचारलं. ती म्हणाली, "मला रविवारी झोपू देत असतील तर कुठलाही देश चालेल."

२० मार्च

नव्वदला हे लोक 'चार वीस दहा' म्हणतात. आपल्या चिनी भाषेत नऊ-दहा म्हटलं की नव्वद झाले. ह्यांना आधी चार विसा मोजायच्या, मग वर दहा. पेशंटचे ठोके मोजायला हे असले आकडे वापरले तर माणूस मरून जाईल आणि आम्ही बेरीज करत बसू.

शिवाय प्रत्येक वस्तू एक तर बाई, नाही तर पुरुष. टेबल बाई, खिडकी बाई, पलंग मात्र पुरुष. मी शूला म्हटलं, "मी अठरा वर्षं हॉस्पिटलात पलंगांच्या चादरी बदलतेय, त्यांतला एकही पुरुष निघाला नाही." वर्ग हसला. ती हसली नाही. म्हणाली, "सोलांज, तर्क करू नका, पाठ करा."

१७ एप्रिल

आज शरीराचे अवयव. शूने माझ्या कपाळावरच्या व्रणाकडे बोट दाखवून विचारलं, हे कुठे आहे ते फ्रेंचमध्ये सांगा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी 'डोकं' म्हटलं आणि बसले. दुसरा अवयव नव्हता तिला?

त्यात विशेष काही नाही. गेल्या डिसेंबरात इमर्जन्सी वॉर्डात एका पेशंटच्या मुलाने स्टीलचा थर्मास मारला. चार टाके पडले, संचालकांनी मध्ये पडून प्रकरण मिटवलं, मी आठवड्यात कामावर हजर. इमर्जन्सीत हे चालतंच. आता मी फक्त माझं टेबल दाराकडे तोंड करून लावून घेतलंय, पाठीला वारा लागतो म्हणून.

लाओ लुआनने मात्र तेव्हा उगाच तोंड पाडलं होतं, आणि लगेचच त्याच्या डोक्यात हे क्वेबेकचं खूळ शिरलं. चाळिशी उलटली की पुरुषांना काहीतरी होतं. कुणी मासे पकडायला लागतो, कुणी बाई ठेवतो. आमच्याने देश धरला.

२२ मे

उत्तरांचं बाड मिळालं. मुलाखतीत विचारतात ते सगळे प्रश्न, आणि त्यांची तयार उत्तरं. क्वेबेकच का? कारण तिथे चार ऋतू आहेत. (शेन्यांगमध्ये काय दोनच आहेत?) थंडी सोसेल का? बर्फ पाहून माझं मन लहान मुलासारखं नाचतं. (बर्फ पाहून मला आधी फावडं आठवतं.) हे तोंडपाठ करायचं. पाठांतर आम्हाला नवं नाही, शाळेपासून तेच केलंय. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर लाओ लुआन पहिल्यापासून सुरू करतो.

संध्याकाळी मी डम्पलिंगसाठी कोबी कापत होते, तो स्वयंपाकघरात फेऱ्या मारत घोकत होता. "माझी पत्नी स्वभावाने सौम्य आहे. ती उत्तम स्वयंपाक करते. रविवारी आम्ही सहकुटुंब डोंगरावर जातो."

मी सुरी खाली ठेवली. "कोण सौम्य?"

"अगं, बाडात आहे तसं."

"आणि डोंगर कुठला? रविवारी आपण त्या पोरीच्या वर्गात सडतो!"

निउनिउ आतून ओरडली, "आई, चिडू नकोस, बाबांची दुसरी बायको असेल ती!"

तो हसलाही नाही. खोकत खोकत पुढचं वाक्य म्हणायला लागला. हा खोकला मार्चपासून आहे. औषध देते तर घेत नाही.

१४ ऑगस्ट

वर्गात भांडण झालं. मी शूला विचारलं, 'मला राग आलाय' हे कसं म्हणायचं. ती म्हणाली, परीक्षेत ते येत नाही. मी म्हटलं, मला रोज येतो. शेवटी तिने फळ्यावर लिहून दिलं. मग 'तुम्ही मला विचारलं नाही', 'हे मला पटत नाही', 'ऐका, मी बोलतेय' हेही मागून घेतलं. सगळं तिच्यावरच वापरलं. तिचा चेहरा लाल झाला आणि तिनेही फ्रेंचमध्येच उलट उत्तर दिलं. मग मी, मग ती. बर्नार नंतर जिन्यात म्हणाले, "सोलांज वहिनी, भांडताना तुम्ही अडखळत नाही हो." टोमणाच असणार. त्यांना पूर्ण बाड पाठ आहे ना, म्हणून मस्ती आलीय.

लाओ लुआनला विचारलं, पेट्रोल एवढं कसं लागतं? तुझं ऑफिस तर दोन चौक सोडून आहे. म्हणाला, "गाडीत बसून कॅसेट ऐकतो. घरी टीव्ही असतो." टीव्ही आम्ही लावतो तरी कधी! वर माझ्या रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी डोळे लालबुंद. बहुतेक माहजोंगच्या जुगाराचा अड्डा असणार. एकदा हाती लागू दे.

९ ऑक्टोबर

आमच्या मुख्य सिस्टर हाओ ताई मार्चमध्ये निवृत्त होतायत. आज मला औषधांच्या खोलीत बोलावलं. "पेइचन, माझ्यामागे तूच. मी संचालकांना नाव दिलंय. पण ते म्हणतात, ही बाई परदेशी चाललीय. खरं काय ते सांग मला."

काय सांगू? अठरा वर्षं मी या वॉर्डात उभी आहे. अंधारातसुद्धा शीर सापडते मला. त्या खुर्चीवर माझा हक्क आहे. आणि तिकडे? आमच्या हॉस्पिटलची एक नर्स तीन वर्षांपूर्वी गेली, ती वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचे मोजे बदलते. तिकडे आपला दाखला चालत नाही, सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं.

ताईंना म्हटलं, "मी कुठेही जात नाही. मुलाखतीत नापास होणार आहे."

"मुद्दाम?"

"मुद्दाम कशाला? येतच नाही मला."

४ डिसेंबर

मुलाखतीचं पत्र आलं. फेब्रुवारी, हाँगकाँग. लाओ लुआनने ते भिंतीवर लावलं. मी काढून ठेवलं. त्याने परत लावलं. तसेच जेवायला बसलो.

मग निउनिउ म्हणाली, "आई, एकदा बाबांना नीट विचार ना, का जायचंय ते."

"विचारलंय. तुझ्या शिक्षणासाठी."

तिने बापाकडे पाहिलं. बापाने भातात डोकं घातलं. हे दोघं मिळून माझ्यापासून काहीतरी लपवतायत आणि मला मूर्ख समजतायत. एवढा संताप झाला की मी बशी जरा जोरात ठेवली. तडा गेला. माझीच आवडती होती.

२९ जानेवारी २०१२

नव्या वर्षाची, वसंतोत्सवाची सुट्टी. सासरची मंडळी आली होती. सासूबाई लाओ लुआनला म्हणाल्या, "वाळलास रे, तोंड बघ कसं झालंय." मग माझ्याकडे बघून, "आमच्या सुनेला घरात राहायला वेळ कुठे?" मी तोंडातल्या तोंडात फ्रेंचमध्ये उत्तर दिलं. कुणाला कळलं नाही. फार बरं वाटलं. या भाषेचा हा पहिला फायदा.

२२ फेब्रुवारी, हाँगकाँग

काहीही झालं तरी हे आजच लिहायचं आहे.

आमच्या आधी बर्नार आणि त्यांची बायको आत गेले. बाहेर आले ते घाम पुसत, पण खूश. "सोपं आहे! सगळं बाडातलंच. मी एक शब्द चुकलो नाही." निवड झाली तर तिथेच कागद देतात, तो मात्र हातात नव्हता. पत्राने कळवू म्हणाले होते.

मग आम्ही. टेबलापलीकडे पन्नाशीच्या मादाम, चष्मा दोरीने गळ्यात. लाओ लुआनला विचारलं, क्वेबेकच का? हा उभा असल्यासारखा ताठ बसून सुरू झाला. चार ऋतू आले, बर्फ आला, नाचणारं मन आलं. मादाम पेन फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "तुमच्या पत्नीबद्दल सांगा."

"माझी पत्नी स्वभावाने सौम्य आहे. ती उत्तम स्वयंपाक करते. रविवारी आम्ही..."

"...सहकुटुंब डोंगरावर जातो," मादामनी वाक्य पुरं केलं. त्याच चालीत! "सकाळपासून चौथी सौम्य पत्नी, मस्ये. त्या डोंगरावर गर्दी होत असेल."

मला जमीन दुभंगावीशी वाटली. लाओ लुआनचं तोंड उघडं राहिलं. त्याने पुढचं वाक्य शोधलं, ते मिळालं नाही, मागचंही गेलं. मादामनी पेन खाली ठेवलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "खरं सांगा. का जायचंय?"

मला वाटलं, संपलं, सुटलो. आणि मग तो बोलायला लागला. बाडातलं नाही. जे शब्द येत होते तेवढेच, दगड उचलून ठेवल्यासारखे एकेक. भूतकाळ त्याला कधी जमलाच नाही, त्यामुळे सगळं जणू आत्ता समोर चाललंय.

"माझी बायको. हॉस्पिटल. एक माणूस मारतो. डोकं. रक्त." त्याने स्वतःच्या कपाळाला हात लावला. "ती घरी येते. ती काही बोलत नाही. मोठा साहेब म्हणतो, माफी माग. माझी बायको माफी मागते. मारणारा नाही. माझी बायको म्हणते, पार्दों."

मी त्याच्याकडे बघत राहिले.

"आता ती रात्री काम करते. मी गाडीत बसतो. हॉस्पिटलच्या मागे. फार थंडी. मी फ्रेंच शिकतो. सकाळ होते, मी घरी जातो. परत कुणी मारतो, तर मी जवळ."

एवढं बोलून तो खोकायला लागला.

माफीचं मी या वहीत कधी लिहिलं नाही. स्वतःशीसुद्धा नाही. संचालकांनी फळांची टोपली माझ्याच हातात दिली होती. टाके ओले होते. तो माणूस बापाच्या पलंगाशेजारी सूर्यफुलाच्या बिया सोलत बसला होता. मी वाकले. तो म्हणाला, "ठीक आहे, पुढच्या वेळी लक्ष ठेवा." संचालकांनी माझ्या पाठीवर थोपटलं. त्या दिवशी घरी येऊन मी भांडी घासली, जेवले, झोपले. नवऱ्याला कळलंय हेही मला माहीत नव्हतं.

मादाम माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही, मादाम? तुम्हाला यायचंय?"

पहिल्यांदा कुणीतरी विचारलं! तेही परक्या बाईने, परक्या भाषेत. माझ्या डोक्यात जाळ झाला.

"नाही!" मी म्हटलं. "मला राग आलाय! मी नर्स आहे, चांगली नर्स आहे, तिकडे मी मोजे बदलणार! मला कुणी विचारत नाही. हा म्हणतो सही कर, मी करते. साहेब म्हणतो माफी माग, मी मागते. हा रात्रभर थंडीत बसतो, मला सांगत नाही! मी माहजोंग समजते! ऐका, मी बोलतेय! मी सौम्य नाही!"

"नाही, मादाम," त्या म्हणाल्या, "तुम्ही मुळीच सौम्य नाही."

मग त्यांनी मला आणखी कायकाय विचारलं. वॉर्डात काय काम करते, पेशंटचे नातेवाईक चिडले तर काय करते, टाके कुणी घातले. मी उत्तरं देत गेले. कितीतरी चुकलं असेल, टेबलाचा पुरुष केला असेल, पण थांबले नाही. शेवटी मशीनमधून कागद बाहेर आला. त्यांनी सही केली आणि माझ्यासमोर ठेवला. "तुमची फ्रेंच पुरेशी आहे. यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

म्हणजे 'यायचं नाही' हे इतकं चांगलं सांगितलं की त्यांनी मला घेतलं!

फुटपाथवर आल्यावर मी त्याला धरलं. "त्या बाईला सांगितलंस. मला का नाही सांगितलंस?"

"आपल्या भाषेत सांगायला गेलो की दुसरंच काहीतरी बोलतो," तो म्हणाला. "तिथे तेवढेच शब्द येत होते."

मी त्याच्याशी बोलत नाहीये. खोकल्याचं औषध मात्र आणलं, आणि समोर उभं राहून घ्यायला लावलं.

२६ फेब्रुवारी

निउनिउला विचारलं, "तुला ठाऊक होतं?" म्हणाली, "तुला सोडून सगळ्यांना. गेटवरचे काका बाबांना गरम पाणी देतात." वर्षभर सगळं हॉस्पिटल मजा बघत होतं तर! लाज वाटली, मग रडू आलं, मग त्या रडण्याचा राग आला.

बर्नारना नकाराचं पत्र आलं. एकही शब्द न चुकता.

लाओ लुआनने तो कागद माझ्या उशाशी ठेवला. म्हणाला, "तू म्हणशील तसं. नको म्हणालीस तर फाडून टाकतो." वा! वर्षभर मला फरफटत नेलं आणि आता दोरी माझ्याच हातात देऊन हा मोकळा! भांडायला माणूससुद्धा ठेवला नाही त्याने मला.

२ मार्च, शुक्रवार

काल वॉर्डात एक नातेवाईक ओरडत आत आला. त्याला फक्त बापाची खाट कुठली ते हवं होतं. मी औषधांच्या खोलीत होते. भानावर आले तेव्हा आतून कडी लावलेली होती आणि ती मीच लावली होती. बाहेर दोन पेशंट होते, एक शिकाऊ पोरगी एकटी होती. आणि मी, भावी मुख्य सिस्टर, कडी धरून उभी.

कडी काढली, काम संपवलं. आज सकाळी सरळ संचालकांकडे गेले.

ते चहा ओतत होते. "या, गुआन सिस्टर! सोमवारी यादी लागतेय. हाओ ताईंनी तुमचं फार कौतुक केलंय."

"मी ती माफी परत घ्यायला आलेय," मी म्हटलं.

"कसली माफी?"

"फळांची टोपली घेऊन मागितलेली. ती माझी नव्हती, तुमची होती. ती मी परत घेते."

ते हसले, मग हसायचे थांबले. "वर्ष होऊन गेलं त्याला. फाइल बंद आहे. आणि माफी अशी कशी परत घेतात?"

"मागितली तशीच. मी मागितली, मीच परत घेते. तुम्ही मला त्याच्याकडे नेलं होतं, आता तुम्हीच जाऊन त्याला सांगा. आणि हेही ऐका. मला भीती वाटते. दार उघडलं की वाटते. त्याने मारलं म्हणून नाही, मारल्यावर तुम्ही मला वाकायला लावलंत म्हणून. परत कुणी मारलं तर परत लावाल."

"सिस्टर, सोमवारच्या यादीचा विचार करा."

"तुम्ही करा," मी म्हटलं. "माझं नाव काढून."

बाहेर आले. जिन्यात बसावंसं वाटलं, पण बसले नाही. ज्याने मारलं तो याच शहरात सुखाने बिया सोलतोय आणि जागा सोडतेय मी. हा राग जन्मभर जायचा नाही, आणि जाऊही नये.

लाओ लुआन आता उजळ माथ्याने पुढच्या गेटशी गाडी लावतो. मी बसले. माझं तोंड बघून त्याने इंजिन सुरू केलं नाही. दोन्ही हात चाकावर ठेवून, समोर बघत, आपल्या भाषेत विचारलं, "पेइचन, तुला जायचंय का?"

"आत्ता विचारतोयस!" मी किंचाळले. गेटवरचे काका वळून बघायला लागले. "सगळं झाल्यावर, आत्ता?" मग मी त्याला घर येईपर्यंत बोलले, त्याच्या सहीवर, त्याच्या बाडावर, त्याच्या डोंगरावर, त्याच्या आईवर, पेट्रोलवर. तो हळूहळू गाडी चालवत ऐकत होता. दारात पोचल्यावर माझा दम संपला, तेव्हा मी हो म्हटलं.